वाचनसुलभतेचे गणित

लेखन वाचावयास किती सोपे आहे, हे अंकांत सांगणारी सूत्रे अमेरिकेत तयार झाली. त्यांतील रुडॉल्फ फ्लेश यांचे १९४८ चे सूत्र विशेष रूढ झाले. फ्लेश मूळचे व्हिएन्नाचे. नाझी राजवटीमुळे देशांतर करावे लागलेले. परक्या भूमीत राहून त्यांनी कचेऱ्यांच्या दुर्बोध इंग्रजीवर हल्ला चढविला, याचे आम्हांस मोल वाटते. फ्लोरिडा राज्याच्या कायद्याने विमापत्रांसाठी याच सूत्राचे किमान ४५ गुण आवश्यक ठरविले. हप्ता भरणाऱ्यास करार कळावा, ही मागणी न्याय्यच होय.

परंतु हे सूत्र मोजते काय? वाक्यातील सरासरी शब्दसंख्येस १.०१५ ने आणि शब्दातील सरासरी उच्चारखंडांस ८४.६ ने गुणावयाचे. दोन्ही गुणाकार २०६.८३५ मधून वजा करावयाचे. गुण अधिक तितके लेखन सोपे. वाक्यात २० शब्द आणि शब्दात दीड उच्चारखंड असल्यास सुमारे ६० गुण येतात. तीच वाक्ये मधोमध तोडली की सुमारे ७०. शब्द उलट क्रमाने लिहिले तरी गुण तेवढेच!

तोडताना पहिला बळी जातो तो 'म्हणून' आणि 'कारण' यांचा. प्रतीत्यसमुत्पादाचे विवेचन असे तोडल्यास तुकडे सुटसुटीत होतील. मात्र कशामुळे काय उत्पन्न झाले, हे वाचकालाच शोधावे लागेल. विवेचनाचा विषय तर तोच होता.

इंग्रजीसाठी बेतलेले हे माप मराठीस लावून पाहावे. 'मुलांसाठी बाजारातून पुस्तके आणली.' शब्द ४, बोलण्यात उच्चारखंड १३. गुण येतात उणे ७२! इंग्रजीत सुटे राहणारे संबंधदर्शक शब्द मराठीत नामास जोडले जातात, म्हणून शब्द लांबतो. आणि लहान मुलास कळणारे वाक्य दोषी ठरते. उलट दोनच उच्चारखंडांचा 'तण्हा' हा शब्द 'मुलांसाठी'पेक्षा सोपा ठरतो. नवा उपासक थांबतो तो नेमका तेथे.

अंक बदलून मराठीसाठी निराळे सूत्र बांधता येईल, पण 'तण्हा'ची अडचण सुटणार नाही. एडगर डेल व जीन चॉल यांनी १९४८ मध्येच वाक्याच्या लांबीबरोबर, चौथीच्या मुलांना परिचित अशा सुमारे ३,००० शब्दांच्या यादीबाहेरचे शब्द मोजले. हा मार्ग आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतो. वाचक कोण, हे त्यात निदान विचारलेले आहे. मराठीत अशी यादी करताना शब्द कोणत्या घरांतील मुलांना विचारले, हे आधी पाहावे लागेल. पाठ्यपुस्तकी मराठी घरीच बोलणाऱ्या मुलांपुरती ती केली, तर वऱ्हाडी वा अहिराणी बोलणाऱ्या मुलाचे रोजचे शब्द 'कठीण' म्हणून मोजले जातील.