वऱ्हाडचे ऊन कोणत्या फोटोत आहे?

चांदूर बाजारहून उत्तरेला सातपुडा दिसतो, पण तो बाराही महिने सारखा दिसत नाही. पाऊस उघडला की भाद्रपद-आश्विनात तो एकदम जवळ येतो. डोंगराच्या सोंडा आणि त्यांच्यामधल्या दऱ्या वेगवेगळ्या ओळखता येतात. मार्गशीर्षात सकाळी संत्र्याच्या बागांवर धुके उतरलेले असते आणि ऊन वर येईस्तोवर डोंगर नसतोच. चैत्रापासून त्याची एक फिकट रेघ उरते आणि वैशाखातल्या दुपारी तीही पुसली जाते. पूर्णेच्या खोऱ्यात राहणाऱ्या माणसाला महिना कोणता हे त्या रेघेवरून कळते.

आता अमरावती-अकोल्याकडच्या निसर्ग छायाचित्रांच्या प्रदर्शनांत, दिनदर्शिकांत आणि मोबाइलवरून फिरणाऱ्या फोटोंत हा सातपुडा शोधावा. डोंगर सापडतो, वाघ सापडतो, अस्वल, रानगवा, स्वर्गीय नर्तक, सगळे सापडते. कॅमेरे उत्तम आहेत, हात तयार आहेत, एकेका पिसाची कड मोजता येईल इतकी स्पष्टता आहे. पण महिना सापडत नाही. मेळघाटातला फोटो कान्ह्याचा म्हणून दाखवला तर खपून जाईल, इतका त्याचा उजेड कुठलाही आहे. माझ्या मते आपल्याकडच्या निसर्ग छायाचित्रणाची आजची खरी उणीव हीच आहे, आणि तिची चर्चा लेन्स आणि पारितोषिकांच्या गप्पांत बुडून गेली आहे.

यातला काही दोष शिकवणीचा आहे. सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा तासभर उत्तम उजेड असतो, हे सूत्र प्रत्येक कार्यशाळेत सांगितले जाते. ते तयार झाले वरच्या अक्षांशांवर. सूर्य क्षितिजावरून सहा अंश चढेपर्यंतचा उजेड तांबूस आणि मऊ धरला, तर विषुवदिनाच्या सुमारास लंडनमध्ये त्याला चाळीसेक मिनिटे लागतात, आणि हिवाळ्यात तर तिथला सूर्य भर दुपारीही खालीच रेंगाळतो. चांदूर बाजार २१ अंश अक्षांशाच्या जरासे वर आहे. इथे सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो; तेच सहा अंश पंचवीस-सव्वीस मिनिटांत सरतात. मेच्या शेवटच्या आठवड्यात तो दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते. अशा मुलखात दिवसाचा बहुतेक उजेड पांढरा आणि कडक असणार. तो वाईट म्हणून कॅमेरा पिशवीत ठेवायचा, तर वऱ्हाडाचा दिवसच पिशवीत जातो.

जंगलात तर हे सूत्र आणखीच लंगडे पडते. मेळघाट हा दऱ्यांचा मुलूख आहे. सिपना, गाडगा, खापरा या नद्यांच्या पात्रात ऊन उतरते तेव्हा सूर्य कड्याच्या वर आलेला असतो आणि त्याची लाली केव्हाच संपलेली असते. तळाशी आधी निळसर सावली असते आणि मग एकदम पांढरे कवडसे पडतात. सोनेरी उजेड तिथे जवळपास नसतोच. तरीही फोटोंत नाल्यातला सांबर सोनेरी दिसतो, कारण ती छटा नंतर संगणकावर चढवलेली असते. उलट जे तिथे खरोखर घडते ते फार थोडे जण टिपतात. फाल्गुनापर्यंत साग ओका झालेला असतो, आणि त्याची परातीएवढी वाळकी पाने जमिनीभर पसरलेली असतात. दुपारचे ऊन त्या फिकट पाचोळ्यावर आपटून वर येते. त्या वेळी उभा असलेला रानगवा पाहावा: पाठीवर ऊन चकाकते, कूस काळी राहते, पण पोटाखालचा भाग आणि गुडघ्यापर्यंतचे पांढुरके मोजे खालून उजळलेले असतात. हा उजेड पानगळीच्या कोरड्या जंगलाचा आहे. सदाहरित जंगलात तो मिळणार नाही आणि याच जंगलात श्रावणातही मिळणार नाही.

दुसरी गोष्ट धुरकटपणाची. पावसाने धुतलेल्या हवेत उरलेले बारीक कण आणि खुद्द हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून आश्विनातला सातपुडा निळा. उन्हाळ्यात हवेत काळ्या मातीची धूळ असते, त्यात मेळघाटातल्या वणव्यांचा धूर मिसळतो. हे कण मोठे. ते सगळेच रंग विखुरतात, म्हणून वैशाखातले अंतर पांढरट. हा फरक डोळ्यांना आपोआप कळतो. पण २०१५ च्या सुमारास संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डीहेझ’ नावाची एक पट्टी आली. ती उजवीकडे सरकवली की धुरकटपणा जातो, डोंगर गडद होतो, आभाळ निळे होते. आता तर फोनचा कॅमेरा न विचारताच असे काहीसे करून टाकतो. परिणाम असा, की मेमध्ये चिखलदऱ्याच्या देवी पॉइंटवरून काढलेली दरी ऑक्टोबरातल्यासारखी दिसते. मेच्या त्या दुपारी दूरचे काही दिसत नव्हते, हेच त्या दृश्यातले सत्य होते. ते काढून टाकले की उरते ते पर्यटनाच्या जाहिरातीचे चित्र. संपादन करू नये असे मी म्हणत नाही. डार्करूममध्येही उजळ-गडद केले जाई, आणि ती कलाच होती. पण जे हवामान पाहायला आपण तिथे उभे राहिलो तेच पुसायचे, याला काय म्हणावे?

मराठी वाचकाला तर हे अधिक खटकायला हवे. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ घ्या, किंवा मेळघाटात आणि नवेगाव बांधच्या परिसरात वनखात्याची नोकरी केलेल्या मारुती चितमपल्लींचे लेखन घ्या. तिथे जंगलाला प्रहर असतो, ऋतू असतो, वास असतो. प्राणी त्या सगळ्यांतून चालत येतो. माडगूळकर तर रेखाटनेही करत. हा वारसा शब्दांत इतका भक्कम असताना आपल्या कॅमेऱ्याने त्यातून फार थोडे उचलले. त्याने उचलली ती सफारीची नजर.

सफारीबद्दल थोडे कडकच बोलावे लागेल. भारतात जंगली वाघाचे गाजलेले पहिले फोटो एफ. डब्ल्यू. चँपियन या वनाधिकाऱ्याने काढले. त्याचे ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे पुस्तक १९२७ मध्ये निघाले. वाटेवर तार ताणायची, वाघाचा पाय लागला की फ्लॅश उडायचा. माणूस तिथे नसायचाच. पुढे मद्रासच्या एम. कृष्णन यांनी कृष्णधवल फोटोंतून हत्ती आणि हरणे त्यांच्या झाडोऱ्यासकट दाखवली. आज फोटोत झाडोरा उरलेला नाही. सहाशे मिलिमीटरच्या लेन्सने वाघाचे तोंड भरून घ्यायचे आणि मागचे सगळे विरघळवून टाकायचे, हाच नमुना झाला आहे. त्यासाठी लागणारी जवळीक जिप्सीच्या चालकावर दबाव आणून मिळवली जाते. व्याघ्र पर्यटनाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत प्राण्यापासून किमान २० मीटर आणि प्राणी दिसत असताना दोन वाहनांत ५० मीटर अंतर सांगितलेले आहे. तरीही ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ या वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवले. प्रकरणाची दखल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून घेतली. त्या गाड्यांमध्ये कॅमेरे आणि मोबाइल रोखलेले होते. अशा क्षणी काढलेला फोटो कितीही देखणा निघो, त्यात वाघिणीची कोंडी आहे.

मेळघाटाचे एका अर्थी बरे आहे. १९७४ पासूनचा, देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक असूनही तिथे वाघ सहज दिसत नाही, म्हणून गर्दी ताडोब्याकडे जाते. दऱ्या, घाट, उंच गवत आणि लांबच लांब पसरलेला साग. ज्याला वाघाच्या तोंडापलीकडे पाहायचे आहे त्याला याहून चांगली शाळा मिळणार नाही.

या शाळेतला माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा विषय म्हणजे रानपिंगळा. १८८४ नंतर हा पक्षी अभ्यासकांच्या हाती लागला नव्हता. १९१४ सालचा म्हणून जो एक नमुना संग्रहात होता, तो रिचर्ड माइनर्ट्झहागेनने लबाडीने घुसवलेला निघाला. ती लबाडी उघड करणाऱ्यांतल्या पामेला रासमुसेन यांनीच नोव्हेंबर १९९७ मध्ये सहकाऱ्यांसह सातपुड्याच्या पश्चिम टोकाला, शहाद्याजवळ, जिवंत रानपिंगळा पुन्हा शोधला. नंतर तो मेळघाटातही सापडला. हा पिंगळा दिवसा वावरतो. सकाळच्या उन्हात ओक्या सागाच्या शेंड्यावर उघडा बसतो. गावातल्या साध्या पिंगळ्याशी त्याचा घोळ होतो, आणि तो उलगडतो उजेडात. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ सपाट तपकिरी असतो, चोच आणि पंजे दांडगे, पोटाचा खालचा भाग निखळ पांढरा. कडक उन्हात एक्स्पोजर जरा जास्त झाले की छातीवरचे पट्टे पांढऱ्यात वाहून जातात. नंतर कॉन्ट्रास्ट वाढवला की माथ्यावरचे बारीक ठिपके नाहीसे होतात. म्हणजे ओळखीची खूणच संपादनात मरते. शंभरांहून जास्त वर्षे हरवलेल्या पक्ष्याच्या बाबतीत फोटो हा पुरावाही असतो, आणि पुराव्याशी खेळले तर काय होते ते माइनर्ट्झहागेनच्या नमुन्याने दाखवून दिले आहे. लंडनच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेचे २००९ चे सर्वोच्च पारितोषिकही पुढच्या वर्षी काढून घ्यावे लागले, कारण फाटकावरून उडी घेणारा तो लांडगा बहुधा माणसाळवलेला होता, असे परीक्षकांनी ठरवले. आपल्याकडे टेपवर आवाज वाजवून पक्षी समोर आणला जातो, घरट्याभोवतीच्या फांद्या बाजूला केल्या जातात, आणि फोटोखाली यातले काही लिहिलेले नसते.

बुद्धपौर्णिमेची रात्र ही मेळघाटाने छायाचित्रकाराला दिलेली वेगळीच कसोटी आहे. त्या रात्री वनखाते लोकांना पाणवठ्यांवरच्या मचाणांवर बसू देते. पूर्वी याला प्राणीगणना म्हणत, आता निसर्गानुभव म्हणतात. पिठूर चांदणे डोळ्यांना पुरते, पण कॅमेऱ्याला ते उन्हाच्या सुमारे चार लाखाव्या भागाइतकेच असते. आयएसओ ६४०० आणि छिद्र एफ २.८ ठेवले तरी शटर सेकंदभर उघडे ठेवावे लागते. लांब लेन्स लावली तर चार सेकंद. पाणी पिणारा गवा इतका वेळ स्तब्ध राहतो थोडाच. त्याचा खांदा ठाम येतो, डोके पुसट होते, पाण्यावरचे वलय रेशमी होते. असे फोटो लोक ‘हलला’ म्हणून खोडून टाकतात. मला ते मेळघाटातले सगळ्यात प्रामाणिक फोटो वाटतात, कारण मचाणावरून माणसाला तसेच दिसते: आकार कळतो, चेहरा कळत नाही.

अंधारात काम करून मराठी मुलखातल्या छायाचित्रकारांनी जगात नाव मिळवलेही आहे. ऐश्वर्या श्रीधर यांचा २०२० मध्ये याच लंडनच्या स्पर्धेत गौरवला गेलेला काजव्यांचा फोटो भंडारदऱ्याजवळचा. तो अनेक दीर्घ एक्स्पोजर एकत्र करून बनवला आहे, आणि तसे त्यांनी उघड सांगितले आहे. माझा मुद्दा एवढाच आहे: कृती सांगितली की ती कला, लपवली की फसवणूक.

आणि ज्यांना कुणी कला म्हणत नाही असे फोटो? २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरा ट्रॅप लावले होते. त्यांनी ३ कोटी ४८ लाखांवर फोटो काढले. त्यांत वाघाचे ७६,६५१ आणि बिबट्याचे ५१,७७७. उरलेल्या कोट्यवधी फोटोंत काय असेल? गुरे, माणसे, ससे, वाऱ्याने हललेले गवत, पहाटेचा उजेड. पट्ट्यांवरून वाघ मोजून झाला की ते कुणी पाहत नाही. मेळघाटातल्या एका नाल्यावर लावलेल्या एकाच कॅमेऱ्याचे दोन महिन्यांचे सगळे फोटो ओळीने भिंतीवर लावले, तर उन्हाळा कसा चढतो हे कोणत्याही पारितोषिकविजेत्या फोटोपेक्षा नीट दिसेल. शिकाऱ्यांना जागा कळू नये ही काळजी घेऊन वनखात्याने असे संग्रह चित्रकला महाविद्यालयांना आणि प्रदर्शन भरवणाऱ्यांना खुले करावेत.

राहिला रोही. कागदोपत्री नीलगाय, पण वऱ्हाडात रोही. चांदूर बाजार, मोर्शी, अचलपूर भागात सगळ्यांत जास्त दिसणारा मोठा वन्यप्राणी बहुधा हाच, आणि प्रदर्शनात सगळ्यांत कमी दिसणाराही हाच. छायाचित्रकाराला तो किरकोळ वाटतो, शेतकऱ्याला तो तूर-हरभऱ्याचा शत्रू. नयन खानोलकर यांचा मुंबईतला बिबट्या २०१६ मध्ये जगभर गेला. त्यांनी फ्लॅशचा उजेड गल्लीतल्या घरांच्या दिव्यांशी असा मिळवला होता, की प्राणी आणि वस्ती एकाच उजेडात आली. तेच काम वऱ्हाडात रोह्यावर व्हायला हवे. जागलीला बसणारा शेतकरी अमावास्या-पौर्णिमेसकट सगळ्या रात्री पाहतो. धुऱ्यावरून कळप कधी उतरतो, कोणत्या उजेडात तो आधी दिसतो आणि कोणत्या उजेडात आधी ऐकू येतो, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक नाही. त्याच्या मचाणावर बसून, त्याच्या टॉर्चच्या झोतात, झटका मशीनच्या तारेपलीकडे उभा असलेला रोही आणि तारेअलीकडचा माणूस असा फोटो मी अजून कुठे पाहिलेला नाही. त्यासाठी सफारीचे बुकिंग लागत नाही. हरभरा घाट्यावर आला की चांदूर बाजारच्या कोणत्याही शिवारात हे रोज रात्री घडते.