‘हाताने खुडलेला’ म्हणजे काय?

कुवेतच्या मॉलमधल्या चहाच्या दुकानात पांढऱ्या चहाचा डबा उघडून दाखवतात, तेव्हा भुरळ आधी डोळ्यांना पडते. आपण पत्ती म्हणतो तसलं त्यात काहीच नसतं. चंदेरी लव असलेल्या मिटलेल्या कळ्या आणि सुक्या गवतासारखा मंद वास. डब्यावर दोन शब्द ठळक: ‘दुर्मिळ’ आणि ‘हाताने खुडलेला’.

पहिला शब्द बराचसा खरा आहे. चीनच्या फूच्येन प्रांतातल्या ‘रुपेरी सुई’ चहासाठी वसंताच्या सुरुवातीला फक्त न उमललेली कळी घेतात. दुसऱ्या शब्दाला मात्र माझा आक्षेप आहे. दार्जिलिंगचा साधा चहाही हातानेच खुडतात. आपल्या घरी आलं घालून उकळतो त्या आसामच्या दाणेदार पत्तीमागेही बहुतेकदा बायकांचेच हात असतात. त्या हातांची आठवण फक्त महागड्या डब्याला यावी, आणि तिथेही मजुरीबद्दल अवाक्षर नसावं, ही शुद्ध चलाखी आहे. (आणि आपण दार्जिलिंगचाच पांढरा चहा इथे दीनार मोजून घेतो नि सुट्टीत पुण्याला भेट म्हणून नेतो!)

कौतुक करायचं तर खुडण्यानंतरच्या कामाचं करावं. कळ्या पसरून कोमेजू द्यायच्या आणि वाळवायच्या, एवढंच. मळणं नाही, चुरणं नाही. त्यामुळे एखादा दिवस पावसाळी निघाला किंवा कळी जून झाली, तर ते झाकायला काही उरत नाही.

पिणाऱ्यालाही काही झाकता येत नाही. इथे नळाला समुद्राचं गोडं केलेलं पाणी येतं, आणि ऑगस्टमध्ये गच्चीवरच्या टाकीतून ते चटका देतच उतरतं. करक चहाला ते चालून जातं. वेलची, दूध, साखर सगळं सांभाळून घेतात. पांढऱ्या चहात टाकीचा वास पहिल्या घोटालाच लागतो. बाटलीतलं पाणी घ्यावं, उकळी येऊ न देता ८० अंशांच्या आसपास उतरवावं आणि कळ्या चार-पाच मिनिटं राहू द्याव्यात.

तरीही पाहुणे विचारतात, “चहा टाकायचा राहिला का?” अमृततुल्यावर वाढलेल्या जिभेचं ते बरोबरच आहे. मलाही पहिला कप फिकाच वाटला होता. काकडीच्या सालीचा गारवा आणि मागून येणारी मधाची गोडी कळली ती त्याच कळ्यांवर दुसऱ्यांदा पाणी ओतल्यावर. दुकानात हे कोणी सांगितलं नव्हतं.