पेंग्विनचं वकीलपत्र कुणाकडे?

अंटार्क्टिकाविषयी एक विधान हल्ली वारंवार ऐकू येतं : हा खंड सरकारांनी नव्हे, स्वयंसेवी संस्थांनी वाचवला. आम्हाला ते अर्धंच पटतं.

पटतं ते असं. १९८८ साली करारातल्या राष्ट्रांनी तिथल्या खनिज उत्खननाचे नियम ठरवणारा करार स्वीकारला. त्याआधीच, १९८७ मध्ये, ग्रीनपीसनं रॉस बेटावर स्वतःचा तळ उभारून सरकारी तळांचा केरकचरा जगाला दाखवायला सुरुवात केली होती. फ्रान्समध्ये सागर-संशोधक झाक कुस्तो यांनी सह्यांची मोहीम काढली. १९८९ मध्ये फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियानं सही करायचं नाकारलं. १९९१ च्या माद्रिद करारानं तर उत्खननावर बंदीच आणली. रेटा लोकांचा होता. सही मात्र सरकारांचीच लागली.

आता न पटणारी बाजू. ‘बिनसरकारी’ म्हणजे निःस्वार्थी, असं आपण गृहीत धरतो. पण क्रिल पकडणाऱ्या कंपन्याही बिनसरकारीच की! क्रिल हा कोळंबीसारखा बारीक जीव. देवमासे, सील, पेंग्विन त्याच्यावर जगतात. २०१८ मध्ये या कंपन्यांच्या संघटनेनं पेंग्विनच्या वसाहतींजवळच्या काही भागात मासेमारी थांबवण्याचं कबूल केलं. चांगलंच झालं. पण स्वेच्छेनं दिलेला शब्द स्वेच्छेनं मागेही घेता येतो. त्याला कायदा म्हणत नाहीत.

मग खरा प्रश्न प्रातिनिधित्वाचा आहे. उत्तर ध्रुवाकडे माणसं राहतात. तिथल्या आर्क्टिक परिषदेत इन्युइट, सामी अशा आदिवासींच्या सहा संघटना कायम सहभागी आहेत. त्यांना मत नाही, पण त्यांच्याशी सल्लामसलत करावीच लागते. अंटार्क्टिकात मूळ रहिवासीच नाहीत. पेंग्विन कुणाला वकीलपत्र देणार? तेव्हा तिथं बोलणाऱ्या संस्था प्रतिनिधी नव्हेत, फार तर विश्वस्त. आणि विश्वस्त म्हटला की हिशेब आला. पैसा कुणाचा, उत्तरदायी कुणाला, हे पर्यावरणवाल्यांनाही विचारायला हवं आणि कंपन्यांनाही.

हे मंगरूळपीरला बसून कशाला बोलायचं? कारण आपलं सरकार त्या टेबलाशी बसतं. डिसेंबर १९८१ मध्ये पहिली भारतीय मोहीम गोव्याहून निघाली. आजही ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था वास्कोला आहे. १९८३ पासून भारताला करारात निर्णयाचा अधिकार आहे. २०२१ मध्ये भारतानं पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्रातल्या संरक्षित क्षेत्रांना पाठिंबा दिला. तिथं निर्णय सर्वसंमतीनं होतात. रशिया आणि चीनच्या विरोधामुळे ते प्रस्ताव अडले. भारताची भूमिका आम्हाला योग्य वाटते. पण तिच्यावर मराठीत वाद किती झाला?

आपण बोलत नाही, म्हणून आपल्या वतीनं दुसरे बोलतात. ही सवय घरापासून मोडावी लागेल. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक स्थानिक संस्थेला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायला सांगितलं आहे. आपल्या नगरपरिषदेच्या समितीवर कोण आहे, तिची बैठक कधी झाली, नोंदवहीत काय लिहिलं, हे उद्या जाऊन विचारा. इथं हिशेब मागायला शिकलेला नागरिकच ध्रुवावरच्या विश्वस्तांना जाब विचारू शकेल.