परराष्ट्रसंबंधांतील ‘राष्ट्रीय दृष्टि’ : एक परीक्षण

आंतरराष्ट्रीय संबंधांचें शास्त्र वरकरणी कोणत्याहि एका देशाचें नसतें. तथापि तें प्रबळ राष्ट्रांच्या गरजेंतून वाढलें, हें त्या शास्त्राचे जाणतेहि मान्य करतात. स्टॅन्ले हॉफमन यांनीं १९७७ सालीं त्यास अमेरिकी शास्त्रच म्हटलें. त्यावर उत्तर म्हणून आपल्याकडे कौटिलीय अर्थशास्त्र व रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र पुढें करण्याचा प्रघात पडत आहे. हेतु स्तुत्य आहे. पद्धति आम्हांस मान्य नाहीं.

आज्ञापत्रांतील टोपीकरांचें प्रकरण घ्या. हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या पाठीशीं राज्यें आहेत, यांस समुद्रकांठीं जागा देऊं नये, असा त्यांतील उपदेश आहे. परंतु १७७५ च्या सुरतेच्या तहांत रघुनाथरावांनीं साष्टी व वसई इंग्रजांस देऊं केलीं. नीति काय असावी हें ग्रंथ सांगतो. काय घडलें हें अस्सल कागदच सांगतात. ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासास राजवाड्यांनीं १८९८ पासून जें उत्तर दिलें तें केवळ अभिमानाचें नव्हतें, मूळ पत्रांचें होतें. पुढें पेशवे दप्तराचे ४५ निवडक खंड निघाले, आणि पुणें रेसिडेन्सीचा पत्रव्यवहारहि छापला गेला. दोन्ही बाजू समोरासमोर ठेवल्यावांचून तहाचा अर्थ लागत नाहीं.

हाच निकष कल्याणजवळच्या उल्हासनगरास लावून पाहावा. दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी बराकींत फाळणीनंतर सिंधमधील निर्वासित उतरले. १९४९ सालीं वसाहतीस आजचें नांव मिळालें, तरी ‘कॅम्प १’ हा छावणीचा क्रमांक पत्त्यांतून गेला नाहीं. पंजाब व बंगाल विभागले गेले. सिंध प्रांत सबंधच पाकिस्तानांत गेला, म्हणून सीमारेषेच्या चर्चेंत त्यास फारसें स्थान उरलें नाहीं. ८ एप्रिल १९५० च्या नेहरू-लियाकत करारांतील स्थलांतरितांविषयींचीं विशेष कलमें पूर्व व पश्चिम बंगाल, आसाम व त्रिपुरा यांपुरतीं आहेत. दिल्लीच्या दप्तरांतून पाहिल्यास ती राष्ट्राची भूमिका. कॅम्प १ मधून पाहिल्यास ती दुसऱ्यांच्या घरांविषयींची बोलणी. सोडून आलेल्या स्थावराचा दोन राष्ट्रांत उलगडा झाला नाहीं. शेवटीं १९५४ च्या कायद्यानें भारतानेंच आपल्या बाजूनें भरपाई दिली. परराष्ट्रीय वादाचा निकाल असा बराकीच्या दारांत लागला.

मग यांतील राष्ट्रीय दृष्टि कोणती? आमच्या मतें, राजधानीची दृष्टि म्हणजेच राष्ट्राची, असें मानणारा अभ्यासक हॉफमननें दाखविलेला दोषच लहान प्रमाणांत करतो. त्याला उपाय सिद्धान्ताचा नाहीं, संग्रहाचा आहे. मोडी फर्मानावर झडप घालणाऱ्या आमच्या संग्राहकबंधूंनीं सिंधी कुटुंबांपाशीं उरलेले मिळकतीचे दावे, वह्या, हुंड्या व पत्रें यांसहि तोच मान द्यावा. खुदावादीसारखीं व्यापारी अक्षरें वाचणारे आतां विरळ झाले आहेत. ते गेल्यावर कागद राहतील, साक्ष राहणार नाहीं.