‘आपल्याकडे ज्यूद्वेष नव्हता’ : एका विधानाची शैक्षणिक चिकित्सा

प्रस्तावना :

शाळा व विद्यापीठांतील ज्यूद्वेष रोखण्याच्या प्रयत्नांची जगभर चर्चा होत असताना महाराष्ट्रातील अध्यापक वर्गाकडून एक उत्तर हमखास मिळते : ‘आपल्याकडे ज्यूद्वेष कधी नव्हताच.’ या विधानात तथ्य आहे, परंतु ते अर्धेच आहे. अर्धे तथ्य वर्गात पूर्ण सत्य म्हणून सांगितले गेले की अध्यापनाची जबाबदारी तेथेच संपते. म्हणून या विधानाची चिकित्सा करणे आणि इतरत्र अवलंबिलेल्या उपायांची येथील उपयुक्तता तपासणे अगत्याचे ठरते.

विधानातील तथ्य आणि त्याची मर्यादा :

कोकणातील बेने इस्राएल समाज शतकानुशतके मराठी बोलत, तेल गाळण्याचा व्यवसाय करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत राहिला. गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ असे नाव दिले. १८७५ मध्ये हैम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने मुंबईत या समाजाची शाळा सुरू झाली. पुढे ती सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. रिबेका रूबेन यांनी १९२२ पासून पाव शतकाहून अधिक काळ तिचे मुख्याध्यापकपद भूषविले. आज तेथील बहुसंख्य विद्यार्थी ज्यूइतर आहेत. हा सलोख्याचा वारसा नाकारता येणार नाही.

तथापि, याच किनारपट्टीवर, गोव्यात, १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला अल्प खंड वगळता, इन्क्विझिशनचे न्यायासन कार्यरत होते. ज्यू वंशाचे, धर्मांतरित ख्रिस्ती हे त्याचे आरंभीचे प्रमुख लक्ष्य होते. गार्सिया द ओर्टा या वैद्याने येथील वनौषधींवर लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्याच्या मृत्यूनंतर १५६९ मध्ये त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळण्यात आले आणि १५८० मध्ये ओर्टाच्या अस्थी उकरून त्यांचेही दहन करण्यात आले. अ. का. प्रियोळकर यांच्यासारख्या मराठी संशोधकाने १९६१ मध्ये गोव्यातील इन्क्विझिशनवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. असे असूनही ‘नव्हताच’ हा शब्द सहज उच्चारला जातो. ही राजवट परकीय होती, हे खरे. परंतु भूमी आणि भोगणारी माणसे येथलीच होती.

हिटलरचे आकर्षण :

वर्तमानातील प्रश्नाचे स्वरूप निराळे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ज्यूंची संख्या पाच हजारांहूनही कमी होती. बिद्रीसारख्या ग्रामीण परिसरातील विद्यार्थ्याला ज्यू व्यक्ती भेटण्याचा संभव जवळजवळ नाही. हिटलरचे नाव मात्र त्याला परिचित असते. शिस्त, राष्ट्रभक्ती आणि वक्तृत्व यांचा दाखला म्हणून ते निःशंकपणे घेतले जाते. २००४ मध्ये गुजरातमधील दहावीच्या सामाजिक शास्त्रांच्या पुस्तकात नाझीवादाच्या ‘अंतर्गत यशा’ची मांडणी असल्याचे उघड झाले आणि त्यावर आक्षेप घेतले गेले. २००६ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे ‘हिटलर्स क्रॉस’ नावाचे उपाहारगृह उघडले. मुंबईतील ज्यू समाजाने निषेध केल्यानंतर त्याचे नाव बदलण्यात आले. या दोन्ही प्रसंगांमागे ज्यूंविषयीचा आकस असेलच असे नाही; पण साठ लाख ज्यूंच्या हत्येबद्दलची बेफिकिरी निश्चित दिसते. येथील समस्या शेजाऱ्याच्या द्वेषाची नसून मारेकऱ्याच्या कौतुकाची आहे. मात्र या कौतुकातून उद्या कोणत्याही अल्पसंख्य समूहाविषयीचा द्वेष रुजू शकतो.

उपायांची चिकित्सा :

जागतिक पातळीवर दोन मार्ग प्रामुख्याने अवलंबिले गेले. पहिला स्मरणाचा. संयुक्त राष्ट्रांनी २००५ मध्ये २७ जानेवारी हा स्मृतिदिन ठरविला. दुसरा व्याख्या व नियमांचा. आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मरण संघटनेने २०१६ मध्ये ज्यूद्वेषाची कार्यकारी व्याख्या स्वीकारली आणि अनेक विद्यापीठांनी तिचा आधार घेतला. ऑक्टोबर २०२३ नंतर अमेरिकी विद्यापीठांतील ज्यू विद्यार्थ्यांना आलेले धमकीचे व बहिष्काराचे अनुभव गंभीर होते. त्यांना संरक्षण देणे संस्थांचे कर्तव्यच होते. परंतु या व्याख्येच्या मूळ मसुद्याचे प्रमुख लेखक केनेथ स्टर्न यांनीच विद्यापीठांत तिचा नियम म्हणून वापर करण्यास विरोध केला आहे. इस्राएलच्या धोरणावरील टीका आणि ज्यूंविषयीचा द्वेष यांतील सीमारेषा दंडाच्या भीतीने स्पष्ट होत नाही. ज्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१३ ते १९१६ या काळात अध्ययन केले, त्याने जुलै २०२५ मध्ये संघराज्य सरकारला वीस कोटी डॉलरहून अधिक रक्कम देण्याची तडजोड मान्य केली. अशा तडजोडीने संस्था सावध होईल. विद्यार्थी विवेकी होईलच असे म्हणता येणार नाही.

पर्याय :

कोल्हापूर जिल्ह्यातील अध्यापकाला यासाठी दूर जाण्याची गरज नाही. १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे येथील छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना आश्रय मिळाला. त्यांत स्त्रिया आणि मुले बहुसंख्य होती. सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेली ही माणसे होती. ते नाझी छळछावणीतून आलेले ज्यू नव्हते, हा भेद वर्गात आधी स्पष्ट करावा. त्यानंतर पुढचा प्रश्न विचारावा : पोलंडमधील सुमारे तीस लाख ज्यू कोठे गेले? उत्तराच्या शोधात विद्यार्थी आपोआप नाझी संहारापर्यंत पोहोचतो. इतिहासाच्या तासाला वळिवडे, मराठीच्या तासाला बेने इस्राएल आणि वनस्पतिशास्त्राच्या तासाला ओर्टा, अशी मांडणी कोणत्याही नव्या अभ्यासक्रमाशिवाय शक्य आहे.

समारोप :

स्मृतिदिन, व्याख्या आणि दंड यांना आपापले स्थान आहे. परंतु जेथे ज्यू विद्यार्थीच नाही अशा वर्गात या उपायांचा प्रभाव अत्यल्प राहतो. तेथे अध्यापकाचे वाक्य हाच एकमेव उपाय उरतो. म्हणून ‘आपल्याकडे ज्यूद्वेष नव्हता’ या वाक्यावर न थांबता, ‘आपल्याकडे ज्यू होते, मराठी होते, आणि त्यांच्याविषयी आपण फारसे शिकविले नाही’ असे म्हणण्याचे धैर्य दाखविणे, हे अध्यापकाचे उत्तरदायित्व ठरते.