इंद्रजालची काळी रेघ

चित्रकथांचे नाव काढले की आपल्याकडची समीक्षा नाक मुरडते. कविता, कथा, आत्मकथन, फार तर लोकनाट्य, यापलीकडे तिची नजर सहसा जात नाही. मुस्लिम मराठी साहित्याच्या चर्चेतही हा विषय निघाल्याचे आम्हाला आठवत नाही. आणि तरी नांदेड-लातूरकडच्या आमच्या पिढीतल्या कितीतरी पोरांना मराठी वाचनाची चटक लागली ती इंद्रजाल कॉमिक्समुळे. घरात दखनी, शाळेत उर्दू नाहीतर मराठी आणि उशाखाली वेताळ, असा तो मामला होता.

टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ मध्ये सुरू केलेली ही मालिका १९९० मध्ये बंद पडली. आमच्या हाती ती क्वचितच कोरी आली. नांदेडला स्टेशनाजवळ, लातूरला गंजगोलाईच्या आसपास रद्दीच्या दुकानांत ढीग असत. कव्हर फाटलेले, शेवटचे पान गायब. शेवट काय झाला असेल यावर मोहल्ल्यात भांडणे होत. दादी ही पुस्तके नमाजच्या खोलीत येऊ देत नसत. चुकून राहिलेच तर मुसल्ला अंथरण्याआधी पालथे घालून ठेवत. फाडत मात्र कधी नसत, ही त्यांची मेहेरबानी.

या कॉमिक्सची छपाई तशी गरीबच. रंग रेघेच्या बाहेर सांडलेले, ओठांचा तांबडा गालावर उतरलेला, आभाळाचा निळा झाडात घुसलेला. तरी चित्र विसकटत नसे, कारण त्याचा सगळा भार काळ्या शाईवर होता. रंग पुसून टाकला तरी गोष्ट कळावी अशीच ती चित्रे काढलेली. मुळात वेताळ हा अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत १९३६ पासून रोज तीन-चार चौकटींनी येणारा प्रकार. लेखक ली फॉक. रोजच्या पट्टीला रंग नसेच. जे सांगायचे ते काळ्या-पांढऱ्यात. त्या पट्ट्या कापून, जुळवून इंद्रजालची पाने होत.

लहानपणी आम्हाला वाटे, वेताळ काढणारा माणूस एकच. पुढे कळले की तसे नाही. विल्सन मॅकॉयचा वेताळ सरळसोट आहे, लाकडी बाहुल्यासारखा, पार्श्वभूमीला दोन झाडे आणि एक दगड. १९६१ पासून साय बॅरी आला आणि जंगलच बदलले. त्याने झाडांच्या गर्दीला काळ्या रंगाचे सपाट तुकडे दिले, त्यात फक्त पानांच्या कडा पांढऱ्या सोडल्या. कवटीच्या गुहेतला अंधार खरोखर अंधार वाटू लागला. मुखवट्यामागे डोळ्यांची बुबुळे नाहीत, नुसत्या दोन पांढऱ्या जागा; तरी वेताळ चिडला आहे की विचारात आहे हे मान आणि खांद्याच्या रेघेवरून समजते. चेहऱ्यावाचून भाव दाखवणे ही सोपी गोष्ट नव्हे. मॅकॉयच्या साधेपणावर जीव टाकणारे वाचक आहेत, त्यांच्याशी आम्ही वाद घालणार नाही. पण आमचे माप बॅरीच्या पारड्यात.

ही रेघ पाहायला आम्हाला शिकवले ते एका कातिबने. आमच्या गल्लीत एक बुजुर्ग होते, उर्दू पत्रके आणि लग्नाच्या दावतनाम्यांची किताबत करायचे. बोरू तासून, तिरपा कत देऊन ते पिवळसर कागदावर लिहीत बसत. एकदा त्यांनी आमच्या हातातले कॉमिक घेतले, चष्मा कपाळावर चढवून पान डोळ्यांजवळ नेले आणि म्हणाले, "हात पक्का है इसका. मगर ये ब्रश है, कलम नहीं." कसे ओळखले? त्यांनी दाखवले. कलमाची जाडी दिशेवर ठरते. एकीकडे वळला की बारीक, दुसरीकडे वळला की रुंद. कुंचल्याची जाडी दाबावर ठरते. वेताळच्या दंडावरची रेघ मध्ये फुगते आणि टोकाला केसासारखी होते, ती दाबाची. त्या दिवसापासून आम्ही फुग्यातला मजकूर नंतर वाचू लागलो.

आपल्या परंपरेत कलम हा शब्द लेखणी आणि कुंचला या दोहोंसाठी चालत आला आहे. हुमायून-अकबराच्या दरबारातला चित्रकार अब्दुस्समद ओळखला जातो तो 'शीरीं कलम' या किताबाने. अकबराने काढवून घेतलेला हम्जानामा म्हणजे तरी काय? कापडावर सुमारे १४०० मोठी चित्रे, मजकूर चित्राच्या पाठीवर, अमीर हम्जाच्या साहसांची लांबलचक मालिका. राक्षस, किल्ले, हेर, विहिरीत लपलेले शत्रू. त्यातली आज दोनशेही उरलेली नाहीत. चित्रकथा ही बाहेरून आलेली चीज आहे असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मात्र याच काळ्या रेघेने आम्हाला दुखावलेही आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. अनंत पैंनी १९६७ मध्ये सुरू केलेली अमर चित्रकथा आम्ही तितक्याच हावरटपणे वाचली. राम वाईरकर, प्रताप मुळीक ही माणसे हाताची थोर. मुळीकांच्या घोड्यांची धाव आणि वाईरकरांची बोलकी बोटे आजही पाहत राहावीशी वाटतात. पण कित्येक अंकांत सुलतानाच्या सरदाराची भुवई जाड होई, दाढी टोकदार होई, डोळ्याखाली दोन जादा रेघा पडत. वाचायच्या आधीच कळे की दुष्ट कोण. वर्गात असा अंक फिरला की चार पोरे आमच्याकडे वळून पाहत. अमर चित्रकथेने अकबर, कबीर, रझिया सुलताना आणि आपल्या दख्खनची चांदबिबीही दिली, हे मान्य. त्यांच्या वाट्याला शांत, सौम्य रेघ आली. तेव्हा दोष हाताचा नव्हता. भुवईसाठी ठरवून घेतलेल्या साच्याचा होता. साचा कितीही सुबक हाताने गिरवला तरी तो साचाच, आणि आमची तक्रार तेवढीच आहे.

म्हणून 'बहादूर' आम्हाला वेगळा वाटतो. १९७६ मध्ये इंद्रजालने हा देशी नायक आणला. तो निर्माण केला आबिद सुरती यांनी. गुजरातेत जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, धर्मयुगातल्या ढब्बूजीचे जनक. चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची. बहादूर डाकूचा मुलगा. बाप पोलिसांच्या गोळीने मेला आणि ज्या अधिकाऱ्याने त्याला मारले त्यानेच पोराला वाढवले. सूड घ्यावा की माणूस व्हावे, हा पेच घेऊन तो उभा राहतो. अंगात कुर्ता, खाली जीन्स. नावही असे की फारसीतून येऊन सगळ्यांचे झालेले.

ब्राह्मणियांच्या रेघेत बॅरीची चकाकी नाही. ती किंचित खरबरीत आहे, माणसे कधी कधी अवघडलेली. पण पगडीचे पेच, कुर्त्याच्या चुण्या, उन्हाने भेगाळलेली घळ हे त्यांनी पाहून काढलेले आहे. बॅरीचे जंगल आम्ही कधी पाहिले नव्हते. ही उजाड जमीन उन्हाळ्यात बसच्या खिडकीतून रोज दिसे. शिवाय त्यांचे डाकू सगळे एका भुवईचे नाहीत. कुणी थकलेला आहे, कुणी नुसता भुकेला. आमच्या मते बहादूरचे मोठेपण कथानकाइतकेच या चेहऱ्यांत आहे.

कातिब आता नाहीत. १९९४ मध्ये इनपेज आले आणि पुढच्या काही वर्षांत गल्लीतली किताबत आटली. त्यांनी चाळलेला तो वेताळ आमच्याकडे आहे, कव्हराविना. बहादूरचे मराठी अंक मात्र दोनच उरले. वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत ते असतील तर रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा उघडावेत, रंगाकडे दुर्लक्ष करून.