नियती आणि नायकाचा शोध : 'ईडिपस रेक्स'

ग्रीक शोकात्मिकेचा नायक हा नियतीच्या हातचे बाहुले असतो, हे विधान पाठ्यपुस्तकी समीक्षेत वारंवार आढळते. सोफोक्लीजच्या 'ईडिपस रेक्स'च्या संदर्भात मात्र ते टिकत नाही. पितृहत्या व मातेशी विवाह ही डेल्फीच्या भविष्यवाणीतील दोन्ही कृत्ये नाट्यारंभापूर्वीच घडून गेलेली आहेत. प्रेक्षकांसमोर घडतो तो शोध, आणि तो ईडिपसचा स्वतःचा आहे. टायरेसियस बोलण्याचे नाकारतो, जोकास्टा विनवते, वृद्ध मेंढपाळ मौन धरू पाहतो. तरीही तो थांबत नाही. लायसच्या खुन्याला शासन व्हावे ही अपोलोचीच आज्ञा, हे खरे. परंतु ईडिपसने स्वतःच्या जन्माचा छडा लावावा, असे कोणत्याही दैवताने सांगितलेले नाही.

अॅरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'च्या 13व्या प्रकरणात योजलेल्या 'हॅमार्शिया' या संज्ञेचा अर्थ प्रमाद, चूक असा आहे. तिचा 'स्वभावदोष' असा अर्थ रूढ झाल्यामुळे ईडिपसच्या अहंकाराला समीक्षेत अवाजवी महत्त्व आले. त्याचा संतापीपणा नाकारण्याचे कारण नाही. पण त्याचा सर्वनाश ओढवतो तो सत्याच्या आग्रहातून. डोळे फोडून घेतल्यानंतर तो आपल्या यातनांचे कर्तेपण अपोलोकडे देतो. घाव घालणारा हात मात्र आपलाच होता, असे तो स्पष्टपणे सांगतो.